कोर्स कुठेही करा, क्रेडिट आपलं कॉलेजच देतं

मानेवाड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी नागपुरातल्या एका ऑटोनॉमस, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवणाऱ्या, इंजिनिअरिंग कॉलेजात बी.टेक. कॉम्प्युटरच्या पाचव्या सेमिस्टरला आहे. ३ क्रेडिटचा ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या निवडीचा विषय, ऑनलाइन केला तरी चालेल, असं कॉलेजने सांगितलंय. (क्रेडिट म्हणजे पदवीसाठी जमवायचं विषयाचं वजन.) तेव्हापासून घरात रोज वाद. मुलीला कोर्सेरा या परदेशी ऑनलाइन कोर्सच्या साइटची वर्षाची वर्गणी हवी आहे. तिच्या मैत्रिणी एनपीटीईएल, म्हणजे आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्सेस, करताहेत. रामदासपेठेतल्या एका क्लासवाल्याने १८ हजारांत ‘यूजीसीमान्य क्रेडिट’चं पॅकेज सांगितलंय. आणि अमेरिकेतल्या मामाचं म्हणणं, तिकडच्या सोफियासारख्या साइटवर महिन्याच्या वर्गणीत हवे तेवढे क्रेडिट मिळतात, तेच कर. धाकटा मुलगा नागपूर विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात बी.कॉम.ला पहिल्या वर्षी आहे, त्याच्यासाठी काही बघावं का, हा जोडप्रश्न.

ताई, मी नऊ वर्षं कॉलेजात स्वयम (केंद्र सरकारचा ऑनलाइन कोर्सेसचा मंच) आणि एनपीटीईएलचं काम बघतोय. आमच्यात त्याला ‘स्पॉक’ म्हणतात, म्हणजे एनपीटीईएलवाले आणि कॉलेज यांच्या मधला माणूस. पोट्ट्यांचे फॉर्म भरून घ्यायचे, मेंटॉर लावायचे, निकाल आला की तो एक्झाम सेलच्या गळी उतरवायचा, हे सगळं त्यात आलं. त्या अनुभवावरून सांगतो. तुम्ही मांडलेले चारही पर्याय कोर्स देणाऱ्यांचे आहेत, त्यातला एकही क्रेडिट देत नाही. क्रेडिट मुलीचं कॉलेज देतं. बाहेरचा देतो ते प्रमाणपत्र, आणि त्याचं क्रेडिट करायचं की नाही हे कॉलेजची विद्यापरिषद ठरवते. एनपीटीईएलच्या प्रमाणपत्रावरसुद्धा क्रेडिटच्या आकड्याशेजारी ‘रेकमेंडेड’ असाच शब्द छापलेला असतो. शिफारस त्यांची, निर्णय तुमच्या कॉलेजचा. म्हणून कुठला प्लॅटफॉर्म चांगला हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, आमचं कॉलेज कुणाचा कागद मानतं?

हे मला फुकट कळलेलं नाही. काम हातात आल्याच्या पहिल्याच वर्षी अकरा मुलांनी एका परदेशी प्लॅटफॉर्मवरचा मशीन लर्निंगचा कोर्स केला होता. कोर्स उत्तम, शिकवणारे नावाजलेले. मुलांनी विचारलं, ‘सर, इलेक्टिव्हमध्ये धरतील ना?’ मी म्हटलं, ‘होऊन जाईल.’ सेमिस्टर संपताना मी अकरा प्रमाणपत्रांची फाईल व्यवस्थित पंच करून पाठवली. चार दिवसांनी ती परत आली, वर एकच ओळ: ‘अभ्यासमंडळाची पूर्वमान्यता जोडावी.’ ‘पूर्व’खाली लाल रेघ. पूर्वमान्यता आता मागून कशी आणणार? त्या अकरा जणांना कॉलेजचा इलेक्टिव्ह पुरवणी परीक्षेत द्यावा लागला. चूक सरळ माझी होती. तेव्हापासून ‘होऊन जाईल’ हा शब्द मी सोडला आणि ‘लेखी आहे का?’ हा धरला.

तर मुलीला या आठवड्यात करायला सांगा ते एवढंच. कॉलेजच्या डीन अकॅडमिक्सकडून, नाहीतर विभागप्रमुखांकडून, या सेमिस्टरसाठी मान्य केलेल्या ऑनलाइन कोर्सेसची यादी घ्यायची. यादीत कोर्सचं पूर्ण नाव, किती आठवड्यांचा आणि किती क्रेडिटचा हे असायला हवं. तोंडी ‘चालेल’ नको. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरांनी टाकलेला अंगठाही नको. सूचनेचा कागद, नाहीतर कॉलेजच्या अधिकृत मेलवरून आलेलं उत्तर हवं.

या यादीमागे नियम आहे, तो थोडक्यात सांगतो, म्हणजे मुलीला विचारताना चाचरायला नको. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१६ मध्ये स्वयमवरच्या कोर्सेसच्या क्रेडिटबद्दल विनियम काढले. तेव्हा एका सेमिस्टरमधल्या कोर्सेसपैकी २० टक्क्यांपर्यंत ऑनलाइन करता येत होते. २०२१ च्या विनियमांनी ती मर्यादा ४० टक्के केली. ४० ही वरची मर्यादा आहे, मुलांचा तो हक्क आहे असा त्याचा अर्थ नाही. एखादं कॉलेज सेमिस्टरला एकाच विषयाची मुभा देतं, तेही नियमात बसतं. २०१६ च्या विनियमांत असंही होतं की स्वयमने १ जून आणि १ नोव्हेंबरला येत्या सेमिस्टरचे कोर्सेस जाहीर करायचे आणि संस्थांनी चार आठवड्यांत त्यातले कुठले मानणार ते ठरवायचं. म्हणजे यादी मागणं हा काही आगाऊपणा नाही, ती निघायलाच हवी. आणि हे विनियम स्वयमपुरते आहेत, हेही ध्यानात ठेवा. कोर्सेरा किंवा एडेक्सवरचा कोर्स मानायला कुठलंही कॉलेज त्यांच्यामुळे बांधलं जात नाही.

आता ते १८ हजारांचं पॅकेज. तुम्ही त्यांना अजून होकार दिला नसेल, असं धरून चालतो. यूजीसी विद्यापीठांना मान्यता देते, क्लासला किंवा कंपनीला नाही. ‘यूजीसीमान्य’ म्हणणाऱ्याला एकच विचारायचं: हे क्रेडिट माझ्या मुलीच्या एबीसी खात्यात कोण चढवणार? एबीसी म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, २०२१ च्या जुलैत सुरू झालेली. मुलीचं खातं डिजिलॉकरमधून उघडलेलं असेलच, हल्ली अपार आयडीशी, म्हणजे विद्यार्थ्याच्या देशभर चालणाऱ्या ओळख क्रमांकाशी, जोडलेलं असतं. या बँकेची गंमत अशी की तिथे विद्यार्थ्याला स्वतः काहीच जमा करता येत नाही. मान्यताप्राप्त, नोंदणी झालेली संस्थाच क्रेडिट पाठवू शकते. क्लासवाला समोरून एखाद्या विद्यापीठाचं नाव घेईल, तर त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जाऊन तो कोर्स तिथे दिसतो का ते बघा, आणि फी कुणाच्या नावाने कापली जाते तेही बघा. यूजीसी आणि एआयसीटीईने (तंत्रशिक्षणावर देखरेख करणारी परिषद) २०२२ च्या जानेवारीतच विद्यापीठांना बजावलं होतं की कंपन्यांना फ्रँचायझी देऊन ऑनलाइन अभ्यासक्रम चालवता येणार नाहीत. आता क्लासवाला पायथॉन चांगलं शिकवत असेल तर पायथॉनसाठी पैसे द्या, माझी हरकत नाही. पण क्रेडिटसाठी देऊ नका.

मामांचं म्हणणं खोटं नाही, फक्त ते तिकडच्या गणिताचं आहे. सोफिया, स्ट्रेटरलाइन, स्टडी डॉट कॉम या साइट्सच्या कोर्सेसचं परीक्षण अमेरिकन काउन्सिल ऑन एज्युकेशन ही संस्था करते आणि अमुक कोर्सला अमुक क्रेडिट द्यावेत अशी शिफारस करते. शिफारसच, बरं का. तिकडेही मान्य करायचं की नाही ते प्रत्येक विद्यापीठाचं रजिस्ट्रार ऑफिस ठरवतं. वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीसारख्या काही ठिकाणी ते सढळ हाताने घेतात, नामांकित विद्यापीठं बहुधा हातही लावत नाहीत. अर्धवट राहिलेली बॅचलर डिग्री नोकरी करत पूर्ण करणाऱ्या तिकडच्या माणसाला या साइट्स वरदान आहेत. मानेवाड्यातून बी.टेक. करणाऱ्या मुलीला त्यांचा उपयोग शून्य. पुढे एम.एस.ला जायचं असेल तर तिथे तिच्या चार वर्षांच्या पदवीची ट्रान्सक्रिप्ट बघतील.

कोर्सेराबद्दल मात्र मुलीची बाजू थोडी घेतो. स्टॅनफर्डच्या अँड्र्यू एन्ग आणि डॅफ्नी कोलर या दोन प्राध्यापकांनी २०१२ मध्ये ते सुरू केलं, आणि शिकवण्याची तऱ्हा अजूनही चांगली आहे. पाच-सात मिनिटांचे व्हिडिओ, मध्येच प्रश्न, लगेच कोड लिहून बघायची सोय. एनपीटीईएलचा अर्धा-पाऊण तासाचा फळ्यावरचा तास ऐकताना डुलकी काढणारी मुलं तिथे जागी असतात, हे मी वर्गात पाहिलंय. काही कॉलेजं कोर्सेराशी करार करतात, मग मुलांना कॉलेजच्या मेलवरून फुकट लॉगिन मिळतं आणि ठरावीक कोर्सेस विद्यापरिषदेने मंजूर केलेले असतात. ऑटोनॉमस कॉलेजला आपल्या नियमांत तेवढी जागा असते. तुमच्या कॉलेजचा असा करार असेल आणि कोर्स यादीत असेल तर बिनधास्त करू द्या. करार नसेल तर वर्षाची वर्गणी क्रेडिटसाठी भरू नका. शिकायचंच असेल तर सुट्टीत एक महिना घ्या, किंवा फायनान्शिअल एडचा अर्ज करा. घरबसल्या, देखरेखीशिवाय दिलेली परीक्षा हीच अशा प्रमाणपत्रांची दुखती नस आहे. एक्झाम सेलला त्यात आधी दिसतं ते हेच: पेपर कुणी दिला कुणास ठाऊक.

एनपीटीईएल इथेच पुढे जातं. व्हिडिओ घरी बघा, असाइनमेंट घरी करा, पण परीक्षा केंद्रावर जाऊन, कॉम्प्युटरसमोर बसून, ओळखपत्र दाखवून द्यायची. तीन तासांचा पेपर, सकाळी ९ ते १२ किंवा दुपारी २ ते ५. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने २००३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. प्रमाणपत्राचे कोर्सेस २०१४ पासून, आणि आता ते स्वयमवरच चालतात. कोर्स फुकट आहे. पैसे फक्त परीक्षेचे, आणि ते गेली अनेक वर्षं कोर्समागे १,००० रुपये आहेत. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना निम्मे. चार आठवड्यांचा कोर्स १ क्रेडिटचा, आठचा २, बाराचा ३. मुलीला ३ हवेत, म्हणजे बारा आठवड्यांचाच घ्यायचा. दरवर्षी कुणीतरी आठ आठवड्यांचा कोर्स सोपा म्हणून घेतं आणि शेवटी एका क्रेडिटसाठी माझ्या केबिनबाहेर उभं राहतं. उदाहरण द्यायचं तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद सरांचा पायथॉनमधून डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम्सचा कोर्स. फार सुंदर शिकवतात, पण तो आठ आठवड्यांचा. आयआयटी रोपडच्या सुदर्शन अय्यंगार सरांचा ‘जॉय ऑफ कम्प्युटिंग’ बारा आठवड्यांचा आहे आणि हलका आहे. आयआयटी मद्रासच्या बालरामन रवींद्रन सरांचा मशीन लर्निंगचा कोर्सही बाराचाच, पण गणित कच्चं असेल तर घाम काढतो.

त्यात ओपन इलेक्टिव्ह म्हणजे बहुतेक कॉलेजांत आपल्या शाखेबाहेरचा विषय. कॉम्प्युटरच्या मुलीने पायथॉन घेतलं तर अभ्यासमंडळ म्हणेल, हे तर हिने दुसऱ्या सेमिस्टरलाच केलंय. झालेल्या विषयाशी सिलॅबस जुळणारा कोर्स सहसा मानत नाहीत. म्हणून तिला मॅनेजमेंट, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, पर्यावरण यांतलं काही बघायला सांगा. आयआयटीच्या मानव्यविद्या विभागांचे चांगले कोर्सेस तिथे पडून आहेत आणि इंजिनिअरिंगची मुलं त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

मार्कांचा हिशेब मात्र नीट समजून घ्या, मुलं इथेच फसतात. अंतिम गुणांत २५ असाइनमेंटचे आणि ७५ परीक्षेचे. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सगळ्यात चांगल्या ८ असाइनमेंटची सरासरी धरतात. प्रमाणपत्रासाठी दोन अटी वेगवेगळ्या: २५ पैकी १० हवेत आणि ७५ पैकी ३०. गेल्या वर्षी एका मुलाला असाइनमेंटमध्ये ९० टक्के होते, म्हणजे २२.५. परीक्षेत १०० पैकी ३८ पडले, म्हणजे ७५ पैकी २८.५. बेरीज ५१. तो पेढे घेऊन आला, आणि मला त्याला सांगावं लागलं की बेरीज ५१ असली तरी ३० ची अट हुकली, प्रमाणपत्र नाही. असाइनमेंटला नव्वद कसे पडले हे मी विचारलं नाही. टेलिग्रामवर उत्तरं फिरतात हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. प्रोग्रॅमिंगच्या काही कोर्सेसचे निकष आणखी वेगळे असतात, ते त्या कोर्सच्या पानावर दिलेले असतात.

पास झालं तरी पुढे एक प्रश्न उरतो, आणि तो सहसा कुणी विचारत नाही. एनपीटीईएलचे गुण कॉलेजच्या ग्रेडमध्ये कसे बदलतात? प्रमाणपत्रावर ४० ते ५९ ला नुसतं उत्तीर्ण, ६० पासून एलिट, ७५ ला सिल्व्हर, ९० ला गोल्ड. एनपीटीईएलचा ५८ म्हणजे बऱ्यापैकी अभ्यास. पण कॉलेजच्या इलेक्टिव्हमध्ये तीच मुलगी अंतर्गत गुणांसकट सहज ८० काढते. ५८ जसेच्या तसे ग्रेड टेबलात टाकले तर सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची सरासरी ग्रेड, खाली येतो, आणि सातव्या सेमिस्टरला कॅम्पसच्या कंपन्या कटऑफ लावतात तेव्हा पॉइंट एकने फरक पडतो. काही कॉलेजं एलिटला वरची ग्रेड देऊन हे सांभाळून घेतात, काही ऑनलाइन कोर्सचं फक्त क्रेडिट देतात आणि ग्रेड सरासरीत धरत नाहीत. तुमच्या कॉलेजचा नियम काय, ते यादीसोबतच विचारा. ग्रेड टेबल सरळसोट असेल आणि मुलगी जेमतेम वेळ काढणारी असेल, तर मी म्हणेन कॉलेजचाच इलेक्टिव्ह घ्या. ऑनलाइन आहे म्हणून घ्यायला पाहिजे असं काही नाही.

आणि वेळ लागतोच. आठवड्याला अडीच-तीन तासांचे व्हिडिओ, वर असाइनमेंट. जुलैत सुरू होणाऱ्या फेरीत पोळा येतो, मारबत येते, गणपती, दसरा येतो, असाइनमेंटची तारीख कुणासाठी थांबत नाही. मारबतीच्या दिवशी महाल भागात गर्दीत उभं राहून मोबाइलवर असाइनमेंट सबमिट करणारा एक विद्यार्थी मला ठाऊक आहे. शेवटच्या मिनिटाला नेटवर्क गेलं. बारापैकी आठच धरतात म्हणून निभावलं. जानेवारीच्या फेरीत परीक्षा एप्रिलच्या अखेरीस येते, आणि दुपारी दोनचा पेपर म्हणजे नागपूरच्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत दुपट्टा बांधून केंद्र गाठायचं. मला विचाराल तर इथल्या मुलांनी जुलैचीच फेरी धरावी.

जुलैची फेरी सुचवायला आणखी एक कारण आहे, निकालाचं. एनपीटीईएलची परीक्षा ऑक्टोबरच्या शेवटाला किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला, निकाल त्यानंतर काही आठवड्यांनी. कॉलेजच्या हिवाळी परीक्षेचे गुण भरायची तारीख मध्येच कुठेतरी येते. निकाल उशिरा आला तर गुणपत्रिकेत त्या विषयापुढे रिकामी जागा किंवा ‘राखीव’ असं येतं आणि नंतर दुरुस्त होतं. पाचव्या सेमिस्टरला त्याने काही बिघडत नाही. आठव्या सेमिस्टरला, म्हणजे जानेवारीच्या फेरीत, बिघडतं. नोकरीवर रुजू व्हायची तारीख आली आहे आणि अंतिम गुणपत्रिका तीन क्रेडिटसाठी अडकली आहे, हे मी एकदा नाही, तीनदा पाहिलंय. शेवटच्या सेमिस्टरला क्रेडिटसाठी ऑनलाइन कोर्स घेऊ नये. त्या बाबतीत मी हट्टी आहे, विद्यार्थी नाराज झाले तरी सही करत नाही.

स्वयमवर एनपीटीईएलशिवाय आणखी समन्वयक संस्था आहेत: यूजीसी, सीईसी, इग्नू, आयआयएम बंगळुरू वगैरे. हा रस्ता तुमच्या धाकट्याच्या कामाचा. वाणिज्य, मराठी, इतिहास, शिक्षणशास्त्र हे विषय तिकडे जास्त. यांची परीक्षा एनटीए ही राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते, आणि इथे गणित ३० टक्के अंतर्गत आणि ७० टक्के अंतिम परीक्षेचं. ४ क्रेडिटचे कोर्सेस इथे भरपूर मिळतात. माझा अनुभव असा की इथे परीक्षा आणि निकाल दोन्हींना एनपीटीईएलपेक्षा उशीर होतो, आणि कोर्सेसचा दर्जा फार खालीवर आहे. एखादा प्राध्यापक जीव ओतून शिकवतो, एखाद्याने कागदावरून वाचून दाखवलेलं असतं. पहिल्या आठवड्याचे दोन व्हिडिओ बघितले की कळतं.

धाकट्याची अडचण वेगळी आहे. त्याचं कॉलेज ऑटोनॉमस नाही, म्हणजे प्राचार्यांनी मनात आणलं तरी ते एकटे क्रेडिट देऊ शकत नाहीत. गुणपत्रिका विद्यापीठ छापतं, तेव्हा विद्यापीठाची सूचना आणि त्याच्या अभ्यासक्रमाचा आराखडा बघावा लागेल. राज्य सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये नव्या धोरणाचा शासन निर्णय काढला, त्यानंतर मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे, मूल्यशिक्षणाचे असे क्रेडिटचे कप्पे पडलेत. त्यातला कुठला कप्पा ऑनलाइनने भरता येतो आणि तो २ चा आहे की ४ चा, हे आधी. तीन क्रेडिटचा कोर्स करून दोनच्या कप्प्यात टाकला तर उरलेला एक हवेत राहतो. पहिल्या वर्षी त्याने उड्या मारू नयेत, असं माझं मत. एबीसीचं खातं काढून ठेवावं, नाव तपासावं आणि दुसऱ्या वर्षी बघावं. तिथले क्रेडिट सात वर्षांपर्यंत चालतात, घाई नाही. फक्त पदवी ज्या संस्थेची घ्यायची तिथले निम्मे क्रेडिट तरी हवेतच, म्हणजे बाहेरून गोळा करून बी.कॉम. उभी करता येत नाही.

नाव तपासावं म्हटलं ते सहज म्हटलेलं नाही. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं अक्षर. आपल्याकडे हे सगळ्यांचंच असतं. अपार आयडी आधारवरच्या नावाने निघतो, प्रमाणपत्र मात्र परीक्षेच्या फॉर्ममध्ये टाइप केलेल्या नावाने छापलं जातं. एका मुलीने फॉर्ममध्ये लाडाचं नाव टाकलं होतं, इन्स्टाग्रामवर तेच आहे म्हणे. क्रेडिट जोडताना एक्झाम सेलने विचारलं, ही कोण?

मुलीला हेही सांगा की कोर्सला नाव नोंदवणं आणि परीक्षेचा फॉर्म भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणी फुकट, ती सगळे करतात. परीक्षेचा फॉर्म वेगळा भरायचा असतो आणि कोर्स सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी बंद होतो. दरवर्षी आमच्याकडे दोन-चार जण बाराही आठवडे असाइनमेंट करतात आणि हॉल तिकीट का आलं नाही म्हणून विचारायला येतात. आता काय सांगायचं? परीक्षा हुकली तर फेरपरीक्षा नसते, तो कोर्स पुन्हा चालू होईल तेव्हा पुन्हा फॉर्म, पुन्हा पैसे. दोन कोर्स घेणार असेल तर दोन्हींच्या परीक्षा एकाच सत्रात येत नाहीत ना, ते फॉर्म भरायच्या आधी बघावं. माझा सल्ला एकच घ्यायचा. आणि तिला पुढे ऑनर्स किंवा मायनर करायची असेल, तर एआयसीटीईच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात १६० क्रेडिटच्या वर २० जास्तीचे ऑनलाइन कोर्सेसमधून करायची सोय आहे. अर्थात ओपन इलेक्टिव्हला वापरलेला कोर्स तिथे पुन्हा मोजला जात नाही.

परीक्षेच्या दिवसाचं एक सांगून थांबतो. दोन वर्षांपूर्वी सकाळच्या सत्राला हिंगणा रोडवरच्या केंद्राबाहेर मी आमची मुलं आत सोडत उभा होतो. जरीपटक्याचा एक मुलगा आला, हॉल तिकीट बरोबर, आणि हातात आधारची लॅमिनेट केलेली झेरॉक्स. गेटवरचा माणूस म्हणाला, मूळ कार्ड पाहिजे. मुलगा म्हणाला, ‘हेच तर आहे.’ झेरॉक्स काळीपांढरी होती, त्याच्या ते कधी लक्षातच आलं नव्हतं. वडिलांना फोन लावला. ते बनियनवर शर्ट चढवत, स्कूटरवरून अख्खं शहर ओलांडून पोचले, तेव्हा गेट बंद व्हायला चार मिनिटं होती. पोरगा आत गेला. वडील तिथेच टपरीवर तर्री-पोहे घेऊन बसले, म्हणाले, ‘सर, एवढं करून क्रेडिट भेटते ना पण?’ त्याचं कॉलेजचं पत्र माझ्या फाईलला होतं, म्हणून मी हो म्हणू शकलो.